चालल आणि चालेल

वडापावची लसूण चटणी लागलेल्या बोटांनी कुणी दीड इंची प्लास्टिकचा सैनिक उचलला की मला शिसारी येते. तो सैनिक मी रंगवलेला असायलाच हवा असं नाही. कुणीतरी रात्ररात्र भिंग लावून, चार केसांच्या ब्रशने त्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिलेला असतो, आणि हे महाशय त्याला मुंडीला धरून उचलणार, पाठीवर तेलाचा ठसा उमटवणार आणि वर मलाच विचारणार, "मॅडम, टिश्यू आहे का?" नाही, टिश्यू नाही. घरी हात धुवायला शिकवलं नाही का, हा प्रश्न मी तीन वर्षं गिळला. चौथ्या वर्षी स्पर्धाच भरवली नाही. लोकांना वाटतं मी चटणीला कंटाळले.

स्पर्धा म्हणजे टेबलावरच्या लढाईची. सहा बाय चारचं टेबल, त्यावर रबराची छापील मॅट, मॅटवर थर्माकोलच्या टेकड्या आणि पुठ्ठ्याची पडकी घरं. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, प्रत्येकाची आपापली प्लास्टिकची फौज. आळीपाळीने सैनिक हलवायचे, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि शेवटच्या डावाला मधली टेकडी ज्याच्या ताब्यात तो जिंकला. बस, इतकंच. यासाठी चाळिशीतली शिकली-सवरलेली माणसं रविवारी सकाळी खांदा कॉलनीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये येतात आणि अर्ध्या सेंटिमीटरवरून एकमेकांची अक्कल काढतात.

मी यात कशी आले, तर रंगवण्यामुळे. खेळण्याची मला तेवढी हौस नाही. बँकेतून घरी आलं की डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर दिवा ओढायचा आणि एका सैनिकाचा पट्टा, एका सैनिकाचे बूट करत बसायचं. डोकं शांत होतं. नवरा म्हणायचा, "बाहुला-बाहुलीचं लग्न कधी आहे, कळव, आहेर आणतो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी हॉलच्या रजिस्टरमध्ये तिन्ही वर्षं "लहान मुलांचा कार्यक्रम" असं लिहिलं. मी दुरुस्त करायला गेले नाही, कारण दुपारपर्यंत ते खरंच ठरायचं.

आयोजन माझ्या गळ्यात पडलं, कारण या पुरुषांपैकी एकालाही यादी करता येत नव्हती. यादी, वेळापत्रक, नियमांचा कागद, पंचाचं काम, सगळं माझ्याकडे. दुसऱ्या वर्षी दोघं जण चाळीस मिनिटं भांडले होते. एक म्हणे, तू हो म्हणालास. दुसरा म्हणे, मी तसं म्हणालो नव्हतो. म्हणून तिसऱ्या वर्षी मी कागदावर चौथा नियम घातला: एकदा तोंडाने मान्य केलं की परत घेता येणार नाही. ठळक अक्षरात छापून भिंतीवर चिकटवला. फार अभिमान वाटला होता तेव्हा. आता तो कागद डोळ्यांपुढे आला तरी शी वाटतं.

त्या तिसऱ्या वर्षी सोळा जणांची नावं आली आणि पंधराच माणसं उगवली. सोळाव्याने साडेनऊला मेसेज टाकला, घरी पाहुणे. पाहुण्यांच्या काय रविवारी सकाळीच अंगात आलं, देव जाणे. एक माणूस बिनजोडीचा राहिला, म्हणून पहिल्या फेरीला मीच त्याच्यासमोर उभी राहिले.

ते उरणकडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले, पण स्वतः कंटेनर यार्डात कामाला. आपण त्यांना यार्डवालेच म्हणू. फौज मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत आणली होती, जुन्या जाळ्याच्या तुकड्यांत गुंडाळून. पेटी इतकी घासलेली की वासाचा लवलेश नाही, तरी शेजारच्या टेबलावरच्या एकाने नाक मुरडलंच. हा तोच, ज्याच्या बगलेतला दर्प दहा वाजता हॉलभर झाला होता. फौज मात्र बघत राहावी अशी, आणि ती मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. प्रत्येक सैनिकाच्या कमरेला खऱ्या दोऱ्याचा पीळ, आणि त्या पिळावर मिठाचा पांढरट डाग रंगवलेला. मी सहा वर्षं रंगवते आहे, मला तो डाग सुचला नसता.

नाव नोंदवतानाच ते मला म्हणाले होते, "ताई, माझा शेवटचा चान्स हाय यो. पुढच्या म्हैन्यापासून रविवारची ड्युटी लागते." जिंकणाऱ्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. एकच जागा, आणि ती स्पर्धा ड्युटी लागण्याआधी, चालू महिन्याच्याच शेवटच्या रविवारी. तीन वर्षं ते त्या जागेसाठी येत होते. "पुन्याला एकदा खेलायचं हाय. मंग बसलं घरी तरी हरकत नाय."

खेळताना त्यांची एक सवय होती. सैनिक हलवण्याआधी त्यावर बोट ठेवून बोलायचे. "यो चालल. यो पन चालल. यो नाय, यो हितंच बसल." प्रत्येक वेळी. अर्ध्या तासाने मी हसून विचारलं, हे मला सांगताय की त्यांना? म्हणाले, "आमचा बाबा होडीवर असाच करतो. दोर सोडतो, बोलून सोडायचा. जालं ओढतो, बोलून ओढायचं. नायतर दुसऱ्याचा हात अडकतो." मला ते इतकं आवडलं की मीही दोन-तीनदा तसं बोलून पाहिलं. मला त्यांनी सव्वा तासात धुऊन काढलं. हरताना इतकं बरं मला आजवर वाटलं नव्हतं.

बाकीच्या दिवसाबद्दल काय सांगू. दुपारी जेवणानंतर एकाने नाकात बोट घालून त्याच बोटांनी समोरच्याचे फासे उचलले. समोरच्याने फासे बदलून मागितले, तर हा म्हणाला, "हरायला लागलास म्हणून ना?" दोघं इतके पेटले की मला मध्ये उभं राहावं लागलं. कुणी चहाचे अर्धे कप पुठ्ठ्याच्या घरांत लपवले, त्यात माश्या. एकाने हरल्यावर समोरच्याची बायको घरी का राहते यावर विनोद केला आणि चार जण हसले. बाहेर सगळे मॅनेजर, इंजिनिअर, कुणी मास्तर. टेप हातात आला की यांच्यातलं जे बाहेर येतं, ते त्यांच्या ऑफिसात कळलं तर उद्या कुणी बाजूच्या खुर्चीवर बसणार नाही.

त्यातला सगळ्यात स्वच्छ माणूस होता मॅटवाला. इस्त्रीचा शर्ट, हात सॅनिटायझरने पुसून खेळणारा. टेबलांवरच्या सगळ्या मॅट आणि टेकड्या त्याच्या. त्याने दिल्या नसत्या तर स्पर्धा उघड्या प्लायवूडवर खेळावी लागली असती, आणि हे तो विसरू द्यायचा नाही. मला "मॅडम, तुमच्यासाठी काहीही" म्हणायचा. अंतिम सामन्याला एका बाजूला हा मॅटवाला, आणि दुसऱ्या बाजूला यार्डवाले.

हॉल पाचला सोडायचा होता. पाचनंतर कुणाच्या तरी घरचं बारसं होतं. साडेचारलाच बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, दोघींनी मिळून पाळणा धरलेला, एकीच्या हातात गजऱ्यांची पिशवी. सेक्रेटरी माझ्याकडे बघून मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या मारत होते. आतला वास बाहेर गेला असावा, कारण एका आजींनी पदर नाकाला लावला. मला इतकी लाज वाटली की वाटलं, हे सगळं आत्ताच्या आत्ता संपावं.

शेवटचा डाव. मॅटवाल्याचं हलवून झालं होतं. टेकडीवर त्याचा एकच सैनिक उरला होता, आणि यार्डवाल्यांचा सरदार टेकडीपासून बरोबर सहा इंचांवर. सरदार सहाच इंच चालतो. म्हणजे तो टेकडीवर पोचणार आणि सरदार दोघांना भारी असल्यामुळे टेकडी यार्डवाल्यांची होणार, सामना त्यांचा. हे मला दिसत होतं. मॅटवाल्यालाही दिसत होतं.

यार्डवाले एका हाताने टेप धरून खाली वाकले होते, दुसऱ्या हाताचं बोट सरदाराच्या डोक्यावर. तेवढ्यात मॅटवाला सहज आवाजात म्हणाला, "बाहेर लोक थांबलेत हो. टेकडी माझ्याकडेच आहे, इथेच थांबवू या, चालेल ना?"

आणि यार्डवाले टेपवरची नजर न काढता म्हणाले, "चालल."

मॅटवाल्याने झटकन हात पुढे केला. "थँक यू. सगळ्यांनी ऐकलं, चालेल म्हणाले."

यार्डवाल्यांनी मान वर केली. त्यांना काय झालं ते कळायला एक क्षण लागला. "म्या याचं बोललो," ते म्हणाले. बोट अजून सरदारावरच होतं. "यो चालल, असं बोललो म्या."

आता गंमत बघा. आपल्या "चालेल"मध्ये आणि त्यांच्या "चालल"मध्ये एका मात्रेचा फरक. आपण चालेल म्हणतो तेव्हा पायांनी काही चालत नाही. बहुतेक वेळा तर ते आपल्याला चालणारही नसतं, समोरच्याला वाईट वाटू नये किंवा विषय संपावा म्हणून आपण म्हणतो. त्यांच्या तोंडी दिवसभर त्या शब्दाला पाय होते. त्यांच्यासमोर खेळलेल्यांच्या कानावर ते पडलं असेल, पण त्यामागचं हॉलमधल्या चौदा जणांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. मी सव्वा तास ते ऐकलं होतं, त्याचा अर्थ विचारला होता, होडी, दोर, बाबा सगळं समजून घेतलं होतं.

"मॅडम, नियम चार," मॅटवाला म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

यार्डवाले मॅटवाल्याशी एक शब्द भांडले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "ताई, सकालधरून तुमी आयकताय ना?"

मी दाराकडे पाहिलं. पाळणा धरलेल्या बायकांनी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग मी त्या रबराच्या मॅटकडे पाहिलं, पुढच्या वर्षी लागणाऱ्या. आणि म्हणाले, "शब्द तोंडातून गेला ना. नियम तो नियम. सॉरी."

सॉरी म्हणाले मी. हा शब्द मला अजून तोंडात जाणवतो, दातात अडकलेल्या शिळ्या घासासारखा.

त्यांनी बोट उचललं. सरदाराला आधी जाळ्यात गुंडाळलं, मग बाकीच्यांना, एकेकाला, घाई न करता. या वेळी काहीच बोलले नाहीत. दिवसभरात त्यांनी न बोलता सैनिक हलवले ते तेवढेच. मी मॅटवाल्याच्या हातात ढाल दिली, फोटो काढला. फोटोत मी हसते आहे, आणि बऱ्यापैकी मनापासून हसल्यासारखी दिसते आहे, हे सगळ्यात वाईट. घरी येऊन मी तीनदा हात धुतले. माझ्या हाताला चटणी वगैरे काही लागलेली नव्हती.

मॅटवाला पुण्याला गेला, दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला, आणि ग्रुपवर तिथल्या जेवणाचे फोटो टाकले. त्या दिवशी मी नोंदणीच्या यादीतून यार्डवाल्यांचा नंबर काढला. माझी सगळी किळस मी पंधरा दिवस त्या घाणेरड्या हातांवर आणि मॅटवाल्याच्या इस्त्रीच्या शर्टावर घालवली होती. ती आता पुरेना.

फोन लागला तेव्हा मागे क्रेनचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं, मग तयारी केलेलं वाक्य एका दमात बोलले. "त्या दिवशी तुमचं बोलणं मला कळलं होतं. तुम्ही सरदाराचंच म्हणत होतात, हे मला तेव्हाच माहीत होतं."

क्रेनचा आवाज लांब गेला, ते बाजूला आले असावेत. मग म्हणाले, "मना ठावं हाय. तुमी दाराकडं बगितलात तवाच कललं."

मला वाटत होतं मी त्यांना काहीतरी नवीन सांगते आहे. मी घाईघाईने पुढे बोलत सुटले, की हॉल सोडायचा होता, बारशाच्या बायका उभ्या होत्या, सेक्रेटरी घड्याळ दाखवत होते. मॅटचं मात्र तेव्हाही बोलले नाही. मग मीच म्हणाले, पुढच्या वर्षी मी तुम्हाला थेट अंतिम फेरीत घेते, पुण्यालाही मी स्वतः बोलते, चालेल ना?

"रविवार नाय ना आता माझा," ते म्हणाले. सांगून झालं होतं त्यांचं हे, नोंदणीच्या दिवशीच. मी विसरले होते.

मी पुन्हा काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं, अगदी सभ्यपणे, बँकेत माझ्यासमोर बसलेली माणसं बोलतात तसं.

"चालेल, ताई," ते म्हणाले. मात्रा अगदी पूर्ण, स्वच्छ, आपल्यासारखी. आणि फोन ठेवला.