इंजिनाची अंघोळ

अण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात फिटर होते. घरात बोलणं कामापुरतं. पण जुन्या बाजारातून उचलून आणलेलं एक परदेशी खेळण्यातलं इंजिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वीतभर लांब, हिरवं, अंगावर सोनेरी रेघ. रंग इतका जुना, की नुसतं नख लागलं तरी टवका उडावा.

खंडेनवमीला पान्हे, हातोड्या, सायकल असं सगळं पूजेत मांडायचं, त्यात हेही. त्याआधी त्याची अंघोळ, आणि त्या दुपारी अण्णा मलाच शेजारी बसवून घ्यायचे. आधी मऊ ब्रशनं धूळ झटकायची. मग कोमट पाण्यात थोडासा रिठ्याचा फेस, काडीला गुंडाळलेला कापूस आणि पहिला हात पोटाखाली, जिथं रंग गेला तरी दिसत नाही. "घासू नगंस पोरी. नुसतं टेकीव." कापसाला जरा हिरवं लागलं की तिथलं काम बंद. मधेमधे चहा, आणि अण्णांच्या गप्पा. वर्षभराचं बोलणं त्या एका दुपारी व्हायचं. मी त्यासाठीच झुरायचे. इंजिनाचं मला मेलीला काय कौतुक!

लग्न होऊन आजऱ्याला गेले. दसरा सासरचा, माहेरी यायचं ते दिवाळीला. यंदाची अंघोळ अण्णांनी एकट्यानंच उरकली असणार, या विचारानं पहिल्या दसऱ्याला मला पुरणपोळी गोड लागली नाही. दिवाळीला आले तर इंजिन धुळीनं माखलेलं, वर झेंडूची वाळकी पाकळी. आई तणतणत होती, "अख्खं घर घासून घेतलं माझ्याकडनं, आन् ह्यांचं इंजिन तेवढं पारोसं पुजलं! काय म्हणायचं ह्या माणसाला?"

"आसू दे की," अण्णा म्हणाले. "पोरगी येणार हुती न्हवं."

मी आत जाऊन रडून घेतलं. पुढं दरवर्षी तसंच चाललं. दसऱ्याला पारोसं, दिवाळीला अंघोळ.

अण्णा गेले, त्या वर्षी खंडेनवमीला आईनं आपणहून ते धुळीसकट पुजलं आणि मला फोन केला. "तू ये. मला त्यातलं काय जमत न्हाय."

गेले. सगळं त्यांच्यासारखंच केलं, कुठंही घाई केली नाही. रेघेला धक्का लागला नाही. जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपून इंजिन फडताळात ठेवलं आणि पाणी ओतून द्यायला वाटी उचलली, तर पाणी अजून कोमट होतं.

आमच्या वेळी ते मला पुन्हा पुन्हा चुलीवर ठेवायला लागायचं. दिवेलागण झाली तरी आमचं उरकायचं नाही. एवढंसं काम अण्णा दरवर्षी मुद्दाम लांबवत होते, आणि मला वाटायचं, त्या दुपारची ओढ माझी एकटीचीच आहे.