पाताळराजाच्या भुवया

पडदेकाकांचा जन्म थिएटरचे पडदे रंगवण्यात गेला. ढग म्हणा, जंगल म्हणा, राजवाडा म्हणा, सगळं त्यांच्याच हातचं. पण थिएटरच्या जिन्यात त्यांचं एकही चित्र नव्हतं. तो मान बाहेरच्या बड्या चित्रकारांचा. तोच पौराणिक ऑपेरा दर काही वर्षांनी नव्याने उभा राहायचा आणि जिन्यात लावायला त्यातला सूर्य चोरणारा पाताळराजा कुणीतरी नव्याने काढायचा. पहिल्याने त्याला शिंगं आणि सुळे दिले, दुसऱ्याने उपाशी म्हातारा केला, तिसऱ्याने तर कोट घालून खुर्चीत बसवला. बक्षीस तिसऱ्याला मिळालं. आता बोला!

या खेपेला बडे चित्रकार ऐनवेळी रुसले आणि काम काकांकडे आलं. काका म्हणजे अगदी गरीब गाय. त्यांचा पाताळराजा बघून मॅनेजर म्हणाला, "काका, हा सूर्य चोरणार? हा तर छत्री विसरून आल्यासारखा दिसतोय!"

काकांना फार लागलं. आणि असं काही लागलं की त्यांना हटकून मेहुणा आठवायचा. एकदा सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला होता, "दाजी, भिंत रंगवा नाहीतर पडदा, शेवटी रंगारीच ना!" तेव्हापासून काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बस्स! त्याच्या जाड, जुळलेल्या भुवया त्यांनी उचलून पाताळराजाला चिकटवल्या. चेहरा कुणाचाही घ्यावा, भाव मात्र आरशात बघून काढावा, ही काकांची जुनी रीत. मेहुण्याला मनात आणून ते आरशासमोर बसले आणि दिसेल ते उतरवत गेले. चित्र बघून मॅनेजर चक्क मागे सरकला. झालं, पास!

घरी बायको खुशीत होती. "अहो, उद्घाटनाला दादाला बोलावलंय मी. येतो म्हणालाय. आता तरी मिटवा हो. माहेर म्हणून मला तो एकटाच उरलाय."

काकांना एकदम त्या भुवया आठवल्या. मेहुण्याने स्वतःला ओळखलं तर बिचारीचं माहेर कायमचं तुटणार, आणि तेही आपल्या हाताने! भुवया पातळ करायला ते ब्रश घेऊन धावले, तर चित्र जिन्यात लागून त्यावर काचही चढली होती.

उद्घाटनाला मेहुणा चित्रासमोर थबकला. बराच वेळ बघत राहिला. काकांचा जीव टांगणीला. मग त्याने वळून काकांना कडकडून मिठी मारली.

"दाजी, स्वतःलाच राक्षस केलंत? मोठं मन लागतं याला! आणि मी तुम्हाला काय काय बोललो... माफ करा."

स्वतःच्या भुवया कुणाला दिसतात! काका नुसते 'हो, हो' करत राहिले. मनात म्हणाले, सुटलो बुवा एकदाचे.

मेहुणा तिकडे मॅनेजरला दाजींचं कौतुक सांगायला गेला, तशी बायको चित्राजवळ आली. "भुवया दादाच्या आहेत," ती हळूच म्हणाली. "बहीण आहे मी त्याची. मला कळणार नाही?"

काका काचेवरची नसलेली धूळ पुसू लागले.

"पण डोळे तुमचे. त्याचं नाव काढलं की घरी हेच डोळे बघत आलेय मी, इतकी वर्षं."

एवढं बोलून ती दादामागे गेली. काका पाताळराजासमोर एकटेच उरले, आणि मान वर करायचा काही त्यांना धीर होईना.