पावणेचारची नोंद

मला घरी भोचक म्हणतात. माझ्या मते मी नुसती चौकस आहे, पण मानसोपचार वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी लागल्यावर हा दुर्गुण एकदम कामाचा ठरला. वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातला आमचा वॉर्ड दिवसरात्र चालू असतो. ज्या पेशंटच्या जिवाला त्याच्याच हातून धोका असतो, त्याच्यावर दर पंधरा मिनिटांनी नजर टाकायची आणि चार्टवर लिहायचं, कुठे आहे, काय करतोय. बाकीच्या सिस्टर्सना याचा कंटाळा. मला मात्र पगार देऊन कुणी दुसऱ्याच्या घरात डोकावायला सांगितल्यासारखं वाटायचं.

ती पेशंट जवळच्या आंजी गावची होती, पस्तिशीची, गावात ब्लाउज शिवायची. जिवाचं बरंवाईट करायला निघाली होती, ते नणंदेच्या लक्षात आलं आणि तीच तिला आमच्याकडे घेऊन आली. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा गरीब स्वभावाचा, पोरं शाळेत, घरी भांडण नाही. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, नणंदेला चहा पाजून विचारलं. हाती काही लागलं नाही. ती आपली बघत बसायची. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलली ती माझ्या युनिफॉर्मबद्दल. उजवी बाही काखेत उसवली होती आणि मला पत्ताच नव्हता. इतके दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते आणि ती माझ्यावर, याची मला मोठी गंमत वाटली.

त्याच दुपारी नणंद कपडे आणायला आंजीला गेली होती. तीनला मी खरी नोंद केली. तेवढ्यात निरोप आला की कॅज्युअल्टीतून नवा पेशंट वर येतोय. त्यात पाऊण तास सहज जाणार होता, म्हणून मी उभ्या उभ्या सव्वातीन, साडेतीन आणि पावणेचार, तिन्ही रकाने भरून टाकले. ‘शांत. पलंगावर.’ आम्ही सगळ्याच कधी ना कधी असं करायचो, त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

किल्ल्या विसरल्या म्हणून पाच मिनिटांत परत आले, तर ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून चार्ट वाचत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सिस्टर, पावणेचारले मी पलंगावर राहीन, हे तुमाले आताच कसं मालूम पडलं?”

मला राग आला, चोरी पकडल्यावर येतो तसला. चार्ट पेशंटने वाचायचा नसतो, असं काहीतरी मी बोलले. तिने तो पुन्हा जागेवर लटकवला आणि बाहीचं माप सांगावं तशा आवाजात म्हणाली, म्हणजे पावणेचारपर्यंत इकडे कोणी पाहायला येणार नाही.

किल्ल्या तशाच सोडून मी तिच्याजवळ गेले. पण खोड ती खोड, तशातही मी विचारलंच.

“मंग हे मले काऊन सांगतलं, ताई?”

“पावणेचारले मी कुठं राहीन, हे मलेच मालूम नाई. म्हणून सांगतलं.”

नव्या पेशंटकडे मी दुसऱ्या सिस्टरला पाठवलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. तिन्ही ओळींवर काट मारून सही केली. संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरला स्वतः जाऊन सगळं सांगितलं आणि तिने झाडलं ते निमूट ऐकून घेतलं. तेव्हापासून मी एकही नोंद वेळेआधी केलेली नाही. पुढे त्या आंजीच्या बाईला गोळ्या लागू पडल्या, महिन्याभराने ती घरी गेली, तपासणीला आजही येते. तिच्या मनात नेमकं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. कुतूहल मात्र तसंच आहे, खोटं कशाला बोलू.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. डॉक्टर येऊन तिच्याशी बोलून गेले, तरी मी हलले नाही. मध्येच ती म्हणाली, सुई असती तर बाहीला दोन टाके घालून दिले असते. सुई वॉर्डात चालत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. सव्वातीन झाले, मी लिहिलं. साडेतीन झाले, लिहिलं. मोठा काटा नवावर आला तेव्हा तिने माझ्या हातातल्या पेनाकडे बोट दाखवलं.

“लिवा, सिस्टर. हाये म्हणून.”