दोन मिनिटांसाठी काढलेली घोडी

जेवणाच्या सुट्टीत प्रल्हाद नेहेते टायरच्या थप्पीला पाठ टेकतो आणि त्याचे डोळे जड होतात. रेल्वेच्या या वर्कशॉपात रूळ औषधालाही नाही. इथं रेल्वेचे ट्रक आणि जीपगाड्या दुरुस्त होतात. आज तीन वाजता चौकशी आहे. वामन तायडे ट्रकखाली चिरडून मेला. जॅकनं उचललेल्या गाडीला लोखंडी टेकू, म्हणजे घोडी, न लावताच तो खाली शिरला, असं प्रल्हादनं सांगायचं ठरलंय. फोरमननं दोनदा पढवून घेतलंय. तसं सांगितलं तर निष्काळजीपणाचा ठपका मेलेल्या वामनवर बसेल आणि प्रल्हादची नोकरी शाबूत राहील.

कंप्रेसरची घरघर लांब जाते. समोरच्या ट्रकखालून दोन पाय दिसतात. डाव्या बुटाला नाडीऐवजी सुतळी आहे.

"कव्हाचा पडेल आहे मी," वामन म्हणतो. आवाजात राग नाही, हेच प्रल्हादला सोसत नाही.

"बाहेर ये ना."

"घोडी लाव, मंग येतो. दोन मिनिटांत आनतो म्हने तू."

म्हणाला होता खरा. साहेबांची जीप घाईची, म्हणून प्रल्हादनंच वामनच्या ट्रकखालची घोडी काढून नेली. ट्रक नुसत्या जॅकवर राहिला, आणि वामन दोस्ताच्या शब्दावर खालीच काम करत राहिला.

प्रल्हाद घोडी शोधत धावतो. ग्रीसिंगच्या खड्ड्यात उतरतो, तर तिथं वामनचं स्वयंपाकघर. वामनची बायको, कौतिकवहिनी, स्टोव्हवरून चहा उतरवतेय.

"भाऊजी, त्यायले उठवा. चहा थंडा होऊन राह्यला."

स्वयंपाकघराचं दार चौकशीच्या खोलीत उघडतं. तिथलं टेबल घोडीवरच उभं आहे. प्रल्हाद गुडघे टेकून ती ओढतो. ती तसूभर हलत नाही. मागं जॅक हळूहळू खचत असल्याचं ऐकू येतं.

"राहू दे," वामन अगदी कानाशी म्हणतो. "अजून दोन मिनिटं झाले नाई."

भोंगा वाजतो. प्रल्हाद दचकून जागा होतो. उजव्या तळहातावर आडवा, ताजा वळ उठलाय आणि त्यात गंजाची तांबूस पूड रुतलीय. नळाखाली चोळचोळ चोळली तरी ती निघत नाही.

तीन वाजता चौकशीचे साहेब विचारतात, "घोडी होती की नव्हती?"

भिंतीशी कौतिकवहिनी खाली मान घालून बसलीय. फोरमन प्रल्हादकडे टक लावून बघतो.

"होती साहेब, ट्रकखालीच होती," प्रल्हाद म्हणतो. "मी काढली."