आत्याची सुई

आमची आत्या ओरखडे काढायचा पगार घेते. थट्टा नाही, कामच ते. अणुभट्टीचं इंधन लांब, बारीक धातूच्या नळ्यांत भरलेलं असतं. भट्टी भलतीच तापली तर वाफेने नळी खाऊन टाकू नये, म्हणून नळीवर क्रोमियमचा पातळ थर चढवतात. चढवणारे वेगळे, आत्याकडे तो थर परीक्षेला येतो. हिऱ्याच्या टोकाची सुई त्यावर टेकवायची, भार हळूहळू वाढवत ओढत न्यायची, आणि कुठे काय झालं ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. थर चढवणारे तिला बघून रस्ता बदलतात.

घरीही तिची सुई खाली ठेवलेली नसते. बाबा तिचे धाकटे भाऊ. ताई हो म्हणाल्याशिवाय ते चष्म्याची काडीसुद्धा बदलत नाहीत. त्यामुळे मला ज्याच्याशी लग्न करायचं होतं, त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला आत्यापुढे बसवणं भागच होतं. राग माझ्या नाकावर असतो, त्याच्या नसतो. तरी मी बजावून ठेवलं होतं, ती काहीही बोलली तरी नुसतं हसायचं.

आत्याने त्याला डगमगती खुर्ची दिली. तो हसला. बिनसाखरेचा गार चहा दिला. छान झालाय, म्हणाला. मग तिने त्याचा पगार काढला, शर्टाचा रंग काढला, मी किती आळशी आहे ते साग्रसंगीत सांगितलं, आणि हा गडी सगळ्याला मान डोलावतोय. आळशीला जरा जास्तच डोलावली, ते मी लक्षात ठेवलंय. मला वाटलं, जिंकलो. पण आत्याचा चेहरा पडत चालला होता. मला स्वयंपाकघरात बोलावून ती म्हणाली, "ज्याच्यावर ओरखडाच उठत नाही असा तुकडा आला, की मी आधी सुई तपासते."

बाहेर जाऊन तिने भार वाढवला. आमच्या इमारतीची लिफ्ट सारखी अडकते, म्हणाली, आणि तुम्ही लोक दुरुस्तीच्या नावाखाली नुसते चहा पिऊन जाता.

त्याचे कान लाल झाले. "लिफ्ट अडकत नाही, आत्या. तुम्ही दारात पाय घालून शेजारणीशी गप्पा मारता. मघाशी त्यामुळेच मी जिना चढून आलो."

बाबांनी डोळे मिटून घेतले. तो उठला. झालं, संपलं सगळं, मी मनात म्हटलं. तर त्याने वर्तमानपत्राची घडी केली, खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली, आणि पुन्हा बसून उरलेला चहा प्यायला. साखर मात्र मागून घेतली.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "चीर पडली, पण पापुद्रा निघाला नाही. चीर चालते. थरच सुटला, तर नळीचं काही खरं नसतं. हा टिकेल." मला आनंदाने रडूच आलं.

तिने त्याला उठवलं, खुर्चीखालची घडी काढून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"आता तू बस."