आक्कांचे काळे दात

एक्स-रेचा सेन्सर मागच्या दाढेपाशी नेला की आक्कांना ओकारी यायची. मी म्हटलं, नाकाने श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवत राहा. लक्ष पायाकडे गेलं की घसा जरा शांत होतो. असं करत करत दोन्ही जबड्यांचा पूर्ण सेट निघाला.

मी ओरल रेडिओलॉजिस्ट. दातांचे एक्स-रे काढायचे आणि त्यांत काय दिसतं ते डेंटिस्टना कळवायचं, हे माझं काम. बारामतीत माझं छोटं सेंटर आहे. आक्का अंथुर्ण्याहून मुलाबरोबर आल्या होत्या. इंदापूरच्या एका डॉक्टरांनी त्यांचे सगळे दात काढून कवळी बसवायचं ठरवून टाकलं होतं. एक्स-रे आपला नावापुरता. कारण काय, तर दात काळे.

आक्का मिसरी लावतात. आमच्याकडे अजून कितीतरी बायका लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज घासून दात काळेकुट्ट होतात. सवय वाईटच, आणि त्यावरून मी आक्कांना चांगलं झापलंही. पण काळा दात म्हणजे किडका दात नव्हे. घरच्यांना हे कळलं नाही तर समजू शकते. डॉक्टरला कळू नये?

एक्स-रेत दाताचं मूळ दिसतं आणि त्याला धरून ठेवणारं हाड दिसतं. हाड खचलं की दात हलायला लागतो. आक्कांचं हाड खालच्या एका दाढेपाशी खचलं होतं, बाकी सगळीकडे भक्कम होतं. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही फक्त फोटो काढा. ट्रीटमेंटचं मी बघतो."

"सर, काढलेला दात परत उगवत नाही. रिपोर्टमध्ये मी एकच दाढ लिहिणार."

पेशंटलाच कवळी हवी आहे, असं सुनावून त्यांनी फोन ठेवला. मग मी मायलेकांना आत बोलावून स्क्रीन दाखवली. मुलाचं म्हणणं, सारखा दवाखाना कशाला, एकदाची कटकट मिटू दे. मी आक्कांनाच विचारलं, कवळी तुम्हाला हवी आहे का?

त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाय, बाई. डॉक्टर समदं ह्याच्याशीच बोलत हुतं. माझी दुखती ती येकच दाढ हाय."

मुलाने कवळीचा हट्ट सोडला. पुढे बारामतीतल्याच दुसऱ्या डेंटिस्टकडे तेवढी एक दाढ काढली, बाकीचे दात साफ करून घेतले. मिसरी सोडली असं आक्का सांगतात. माझा विश्वास नाही.

त्या डॉक्टरांनी नंतर माझ्याकडे एकही पेशंट पाठवला नाही. रिपोर्ट पटला नाही की काही लोक ट्रीटमेंट बदलत नाहीत, सेंटर बदलतात. त्यांचे पेशंट आता दुसरीकडे फोटो काढतात. तिथे त्या पेशंटना कोणी काही विचारतं की नाही, या विचाराने मला अजून संताप येतो.