चढ आला की उतरा

"चाल बाबू," म्हणत आमचे शेजारी गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारत आणि मगच चावी फिरवत. बैलाच्या पाठीवर मारतात ना, तशाच. आमच्या सिंदी मेघेच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेलूकडे वांगी-टमाट्याचं शेत, जन्म बैलांमागे गेलेला, आणि साठी उलटल्यावर घेतली ही सात जणांची उंच गाडी.

कोणासाठी, तेही सांगते. बायकोसाठी. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ती फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, फिरा, चाला, काही होत नाही. पण भीती डॉक्टरचं ऐकते का? पलंग ते ओटा, ओटा ते पलंग. मग त्यांनी मनावर घेतलं, हिला गाडीत बसवून कुमाऊँच्या डोंगरात न्यायचं, बर्फाची शिखरं दाखवायची. ती म्हणाली, शेजारची ताई येत असेल तर येईन. म्हणून मी, आणि माझ्यामागे आमचे हे.

शेगडी, तुरीची डाळ, वांग्यांची थैली, सगळं भरून निघालो. सपाटीवर छान चाललं. गंमत झाली ती पहिल्या मोठ्या घाटात. गाडी कडेला लावून म्हणतात, "उतरा. चढ हाय."

आम्हाला वाटलं, काही बिघडलं. तसं काही नव्हतं. चढ आला की धडधाकट माणसांनी बैलगाडीतून उतरायचं, मुक्या जिवाला ओझं द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. बायको तेवढी आत, आम्ही दोघं मागून चालतोय. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून हैराण. एका टॅक्सीवाल्यानं तर विचारलं, धक्का मारू का.

आमचे हे वैतागले. "भाऊ, हे इंजन हाय, बैल नोहोय."

"इंजन झालं म्हनून काय झालं? त्याले का दम लागत नाई?"

पुढे पुढे त्यांनी सांगायच्या आधीच आम्ही दार उघडायला लागलो.

मुक्कामाच्या गावाआधीचा शेवटचा चढ आला. आम्ही उतरलो. पाहते तर मागचं दारही उघडलं आणि एक पाय रस्ता चाचपू लागला.

"तू काऊन उतरून राह्यली? बस ना."

"मी का ओझं नाई?" ती म्हणाली. मग हळूच, "लय दिवस झाले बसूनच. मलेबी चालू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. कठड्याला धरून निघाली. ते पहिल्या गियरमध्ये गाडी तिच्या बाजूनं सरकवतायत, आणि नजर रस्त्यावर नाही, तिच्यावर.

"समोर पाहा," ती दटावायची.

"दम लागला का?"

"तुमच्या गाडीले विचारा."

वळणावर ती कठड्यावर टेकली. धापा टाकत होती. एक हात सवयीनं छातीवर गेलेला. तो तिनं काढला, कारण दूरची पांढरी रांग मला दाखवायची होती. ते गाडी थांबवून धावत आले. शिखरांकडे एकदाच पाहिलं असेल. तिचा श्वास खाली बसेपर्यंत तिच्याचकडे पाहत उभे राहिले.

आता त्यांच्या फाटकाला कुलूप आहे. यंदा दोघंच गेलेत, आणखी वरच्या डोंगरात. त्यांच्या तुळशीला पाणी मी घालते. काल त्यांचा फोन आला. तिला द्या म्हटलं, तर स्वतःच धापा टाकत म्हणतात, "कुठून देऊ, वहिनी? ती पुढं निघून गेली. आवाज देऊन राह्यलो, तर म्हनते, तुमी या हळूहळू."